आधी बाकावरचे

मी हे लिहावं की नाही, या विचारातच बरेच दिवस गेले. वसंतकाकांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ओळखणारी माणसं कार्डिफमध्ये आहेत, कोल्हापुरात तर असतीलच. मी त्यांच्या नात्यातला नाही. मराठीत सलग असं शेवटचं लिहिलं ते कामठीच्या शाळेत, आठवीच्या निबंधाच्या पेपरात. नंतर आईबाबांबरोबर लंडनमधल्या हाउन्सलोला आलो आणि मराठी घरात बोलण्यापुरती उरली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आपण लिहिलेलं चार लोकांनी वाचावं, असं वाटून घेण्याची सवय आमच्याकडे कुणालाच नाही. तरी त्यांच्या पत्नी, सुनंदाकाकू, म्हणाल्या, "तू लिही. माझ्याच्यानं व्हायचं नाही." म्हणून धीर करतो आहे. कमीजास्त झालं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

बातमी आली तेव्हा मी लायब्ररीत होतो. फोनवर काकूंचं नाव दिसलं. एरवी दुपारी त्या कधी फोन करत नसत, त्यामुळे उचलायच्या आधीच कळलं... मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. "गेले रे. शांतपणे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. आणि मग, इतकी वर्षं नर्सचं काम केल्याची सवय असावी, लगेच विचारलं, "तू जेवलास का?"

वसंतकाका हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात होते आणि कार्डिफच्या आमच्या युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचे हेड कोच होते. पहिलं काम पोटाचं, दुसरं हौसेचं. टीममधली वेल्श मुलं त्यांना 'वॅस' म्हणत, आणि मला निखिलचा 'निक'. निवड चाचणीच्या दिवशी ते मराठी आहेत हे मला ठाऊकही नव्हतं. कुणीतरी मोकळ्या गोलसमोरून बॉल बाहेर मारला आणि मागून आवाज आला, "आयला, गेली बाराच्या भावात!" मी गर्रकन वळलो आणि सगळ्यांसमोर ओरडलो, "काका, तुम्ही मराठी?" मुलं हसली. काका हसले नाहीत. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "कुठला रं तू?"

"कामठीचा. नागपूरजवळ."

"म्हंजे संत्र्याकडला. पाय चालतात न्हवं?"

बाबा कामठीच्या मैदानावर खेळायचे, त्यांनीच शिकवलं, असं मी सांगितलं. "बघू की," म्हणाले. त्यांनी मला टीममध्ये घेतलं. आणि बाकावर बसवलं.

दोन वर्षं मी त्या बाकावर होतो. कधी शेवटची दहा मिनिटं मिळायची, बहुतेक वेळा तीही नाही. माझी जागा लेफ्ट बॅकची, म्हणजे डाव्या बाजूच्या बचावाची, तिथे ओवेन नावाचा मुलगा खेळायचा. चांगला होता, पण माझ्याहून चांगला होता असं मला वाटत नव्हतं, आणि हे बोलून दाखवायचं धाडस माझ्यात नव्हतं. ट्रेनिंगनंतर काका मला घरी जेवायला न्यायचे. काकूंच्या हातचा तांबडा रस्सा, भाकरी. कोल्हापुरातल्या पेठापेठांच्या टीमच्या गोष्टी, मॅचनंतर रस्त्यावर होणाऱ्या मारामाऱ्या. माझ्या न खेळण्याचा विषय मात्र ताटावर कधी आला नाही.

त्यांची एक पद्धत होती. टीम कोण, हे ते कुठे लिहून लावत नसत, फोनवरही पाठवत नसत. चेंजिंग रूममध्ये शर्टांची निळी बॅग उघडायची, एकेकाचं नाव घेऊन शर्ट हातात द्यायचा आणि देताना प्रत्येकाशी एकच वाक्य बोलायचं. आणि सुरुवात बाकावरच्यांपासून. खेळणारे अकरा जण मागाहून. मी एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "खेळणाऱ्याला मैदान मिळणारच हाय. ज्याला काहीच मिळायचं न्हाई, त्याला शर्ट तरी पयला मिळू दे." त्यामुळे माझा शर्ट जवळजवळ नेहमी सगळ्यांत आधी मिळायचा. त्या शर्टाचा मला राग यायचा. शर्टांना येणाऱ्या काकूंच्या साबणाच्या वासाचाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही लीगच्या तळाशी गेलो. क्रीडा विभागाला पूर्ण वेळचा, रीतसर प्रशिक्षण घेतलेला कोच हवा होता. काकांना बोलावून, चहा देऊन, अगदी सभ्यपणे तसं सांगण्यात आलं. त्यांनी मैदानावर येऊन आम्हाला गोल उभं केलं आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यापासून नवीन कोच येईल. मेगन नाव तिचं. चांगली आहे म्हणतात." एवढं बोलून ते गाडीकडे गेले. निरोपाचा कार्यक्रम नको म्हणून त्यांनी आधीच कळवलं होतं.

त्या दिवशी चेंजिंग रूममध्ये कुणी बूट काढले नाहीत. आमचा कॅप्टन रीस म्हणाला, "आपण तिच्या ट्रेनिंगला जायचंच नाही. बघू दे त्यांना टीमशिवाय कोच काय करतो." अर्ध्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात ओवेन माझ्याकडे बघून म्हणाला, "निकला काय, बरंच झालं. वॅसनं त्याला कधी खेळवलं?"

मी उठून उभा राहिलो. काय करणार होतो, ते आजही सांगता येणार नाही. रीस मध्ये आला. "ओवेन, तोंड बंद ठेव." मग मला बाजूला घेऊन, जरा अवघडून त्यानं विचारलं, "पण खरं सांग, तुमचं काही घरचं भांडण आहे का? म्हणजे तुझं आणि तुझ्या अंकलचं, वॅसचं. तू खेळायला हवा होतास हे सगळ्यांना दिसायचं. आम्हाला वाटायचं, काहीतरी फॅमिली मॅटर असणार. म्हणून कुणी विचारलं नाही."

मला का बसवतात, ते मलाही कधी कळलं नव्हतं. मी जाकीट उचलून निघालो.

बहिष्काराचं सांगायला मी तसाच काकांच्या घरी गेलो. ते खिडकीशी बसले होते. मी सांगितलं, मुलं तुमच्यासाठी ट्रेनिंगवर बहिष्कार टाकतायत. काकांनी विचारलं, "किती जण?"

"निम्मे तरी."

"रीस पण?"

"त्यानंच काढलंय हे."

आतून काकू म्हणाल्या, "अहो, आनंद झालाय तुम्हाला. लपवू नका."

काकांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. मग एकदम कडक आवाजात म्हणाले, "जायचं. सगळ्यांनी जायचं. सांग माझा निरोप." मी दारापर्यंत पोचलो तर मागून आवाज आला, "पयल्या दिवशी जरा उशिरा गेला तरी चालतंय." कोपऱ्यातली निळी बॅग त्यांनी स्वतः उचलून माझ्या खांद्याला अडकवली. शर्ट धुऊन, घड्या घालून ठेवले होते. मी विचारलं, "शर्ट कसे द्यायचे ते मेगनला सांगू का?" त्यांनी मान हलवली. "नको. तिचं तिला करू दे."

आम्ही गेलो. उशिरा गेलो. मेगन मैदानावर एकटीच प्लास्टिकचे कोन मांडत होती. आम्हाला बघून तिनं सगळ्यांना एक फेरी जास्त पळायला लावलं. तिची टीम आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर यायची आणि मॅचच्या दिवशी शर्ट आधीच खुंट्यांवर लावलेले असायचे. तिच्या पहिल्याच मॅचच्या यादीत लेफ्ट बॅकसमोर माझं नाव होतं. दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते फोनच्या पडद्यावर दिसत होतं. बाबांना फोन केला तर ते आनंदानं फोनवरच ओरडले. काकांना मात्र कसं सांगायचं? तुम्ही गेलात आणि मी आत आलो, हे कोणत्या तोंडानं सांगतात?

ते ठरायच्या आतच काकांच्या पोटदुखीच्या तपासण्यांचे निकाल आले. आजार पोटात फार पुढे गेला होता. काकूंनी मला दाराबाहेर गाठून सांगितलं, "रविवारी येत जा. पण त्यांच्यापुढे फुटबॉल काढू नकोस. टीमचं नाव निघालं की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही त्यांचा." मी शब्द दिला. मग रविवारमागून रविवार मी त्यांच्या पलंगाशेजारी बसून बसचे मार्ग, माझ्या परीक्षा, हवा यांवर बोलत राहिलो. तेही मैदानाबद्दल काही विचारत नसत. आम्हा दोघांच्या मध्ये ती एकच गोष्ट बसलेली असायची आणि आम्ही तिच्या बाजूनं बोलायचो.

एका रविवारी काकू औषधं आणायला गेल्या होत्या. काका डोळे मिटूनच म्हणाले, "रागावलायस माझ्यावर?"

"नाही, काका."

"खोटं बोलायला तुला जमत न्हाई." मग ते थांबत थांबत सांगू लागले. त्यांच्या पेठेच्या टीमचा कोच त्यांचा सख्खा मामा होता. सोळाव्या वर्षीच मामानं त्यांना टीममध्ये घेतलं. "बॉल पायात आला की गॅलरी ओरडायची, आला रं मामाचा भाचा! गोल मारला तरी तेच, पडलो तरी तेच. मामानं घेतला म्हणून मी आत, का खेळतोय म्हणून आत, ते माझं मलाच कळंना झालं. शेवटी बूट काढून ठेवलं." जरा दम घेतला. "इतकी वर्षं झाली, तो आवाज कानातनं जात न्हाई. आणि तू पयल्या दिवशी सगळ्यांसमोर मला काका म्हणालास... तिथंच तू बाकावर गेलास, पोरा. आपला माणूस म्हणून घेतला, असं तुला कुणी म्हणायला नको हुतं मला."

मी खाली बघत होतो. "पोरं काय म्हणायची रं? तुला बसवायचो तेव्हा?" त्यांनी विचारलं. रीसचे शब्द माझ्या अगदी ओठांपर्यंत आले. दोन वर्षं ते ज्या आवाजाला भीत होते, तो इथे कुणाच्या मनातही नव्हता... "काही नाही, काका," मी म्हणालो. त्यांनी डोळे उघडले. त्यांची नजर माझ्या पायावर गेली. मी घाईनं पँट खाली ओढली.

"नडगीला काय झालं?"

"सायकलवरून पडलो."

"हल्ली सायकलला बुटाचे खिळे असत्यात व्हय?"

तेवढ्यात काकूंची किल्ली दारात फिरली आणि आम्ही दोघंही हवेबद्दल बोलू लागलो.

शेवटची मॅच बाहेरगावी होती. हरलो असतो तर आम्ही खालच्या विभागात जाणार होतो. चेंजिंग रूममध्ये त्या दिवशी खुंट्या रिकाम्या होत्या. मेगन निळी बॅग मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "वॅस शर्ट कसे द्यायचा?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत रीस म्हणाला, "आधी बाकावरचे."

तिनं पहिला शर्ट काढला आणि ओवेनला हाक मारली. त्याच्या कानाशी ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. ओवेन मान खाली घालून शर्टाची घडी उलगडत राहिला. लेफ्ट बॅकचा तीन नंबरचा शर्ट माझ्या हातात ठेवताना ती म्हणाली, "आज बसायचं नाही."

परतीच्या बसमध्ये मुलं गात होती. काकूंचा फोन आला. "अरे, हेच म्हणाले, निखिलला लाव. विचारू दे मेलं फुटबॉलचं, आता कसली झोप आणि कसलं काय. देते हं." मी पुढे ड्रायव्हरच्या मागे जाऊन एका कानावर हात दाबून बसलो. आवाज फार बारीक झाला होता.

"खेळलास?"

"हो, काका. पहिल्या मिनिटापासून. सगळी मॅच."

"बाकावर कोण?"

"ओवेन."

"रुसला असंल. त्याला शर्ट..." वाक्य तिथेच राहिलं.

"त्यालाच आधी दिला, काका. मेगननं. आधी बाकावरच्यांना, मग आम्हाला."

"तिला कुणी सांगितलं? तू?"

"नाही. तिनंच विचारलं. वॅस कसे द्यायचा, म्हणून."

फोन कानापासून दूर गेला असावा. मी स्कोअर सांगायला तोंड उघडलं, पण ते आता माझ्याशी बोलत नव्हते. खोलीतून, लांबून, त्यांचा आवाज आला:

"अगं, ऐकलंस का? तिनं विचारलं."