ओलं गोणपाट

माझा बाप होडीवर मासे जपतो ते बघण्यासारखं असतं. जाळं वर आलं की आधी बर्फ, त्यावर ओलं गोणपाट आणि गोणपाटावर पुन्हा पाणी. कोपऱ्यात एखादं पापलेट उघडं राहिलं तरी खलाशांच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. स्वतःच्या डोक्यावर मात्र काही नाही. पूर्वी एक टॉवेल असायचा, तोही गोणपाट कमी पडलं की माशांवर जायचा.

त्याच्या उजव्या कानाच्या कडेवर खपली धरली, तेव्हा तो म्हणाला, समुद्राची खार लागली. खपली पडायची, रक्त यायचं, पुन्हा धरायची. आई खोबरेल लावत राहिली. मी लग्न होऊन पनवेलला आलेली. गौरीला उरणकडे माहेरी गेले आणि तो कान पाहिला. कड कुरतडल्यासारखी झाली होती. हाताला धरून बापाला पनवेलच्या दवाखान्यात आणलं.

तुकडा तपासायला गेला. कॅन्सर निघाला.

"आपल्या रंगाच्या लोकांना हा कमी होतो," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण जन्मभर उन्हात आणि पाण्याच्या चकाकीत बसलं तर होतो. कान थोडा कापावा लागेल. आत्ता केलं तर बरे व्हाल. मानेच्या गाठीत उतरला तर अवघड आहे." तोवर उघड्या डोक्याने उन्हात जायचं नाही, असंही बजावलं.

ऑपरेशनची तारीख मिळाली, ती ऐन मासळीच्या हंगामात. बाप म्हणाला, "आताशी मावरं गावाय लागलंय गो, जरा थांब." मी भांडले, रडले, पाया पडले. बापाला बांधून तर नेता येत नाही. शेवटी कान-मान झाकणारी टोपी जोडलेला लांब बाह्यांचा सदरा आणि उन्हाचं क्रीम आणून दिलं. क्रीम बघून तो हसला. "पावडर लावून कंच्या लग्नाला चाललो गो मी?" सदरा मात्र ठेवून घेतला, आणि वेड्यासारखी मी त्या सदऱ्यावर भरवसा टाकून बसले.

तारीख हुकली. दुसरी मिळाली, तीही जवळ आली आणि बाप फोन उचलेना. मग मी उलव्याच्या रस्त्याची धूळ खात थेट बंदर गाठलं. होडी नुकतीच लागत होती. बाप सुकाणूपाशी, उघडाबोडका. सदरा टोपल्यांवर पसरलेला होता. बाह्या कडेने नीट खोचलेल्या, वरून पाणी मारून चिंब केलेला.

माझं डोकंच फिरलं. अख्ख्या बंदरासमोर ओरडले, "बाबा, तो तुला दिलेला ना!"

"गोनपाट कमी परलं," तो म्हणाला. "उनान मावरं नासतं गो. मानूस नाय नासत."

मी होडीत चढले, सदरा ओढून काढला आणि तसाच ओला, वास मारणारा त्याच्या डोक्यावर टाकला. कानावरून, मानेभोवती दाबून बसवायला लागले. कानाखाली बोटांना काहीतरी टणक लागलं, सुपारीएवढं. मी पुन्हा चाचपलं. त्याने माझा हात झटकला नाही.

"हाय ती," तो हळू आवाजात म्हणाला. "कवाची हाय."

टोपल्या उघड्या पडल्या होत्या, माशांवर भर दुपारचं ऊन आलं होतं. खलाशी शिव्यांची वाट बघत उभे होते. बाप खाली मान घालून बसून राहिला. मासे झाका, असं तो कोणाला म्हणाला नाही.