दुरुस्त नावाचं कार्ड

गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकसा गावच्या दुर्पता उईकेचं नाव दोनदा छापलं गेलं. पहिल्यांदा चुकीचं.

तेव्हा ती एकवीस वर्षांची होती, आश्रमशाळेच्या मातीवर खो-खो खेळत मोठी झालेली. पळणारी पोरगी खांबाला वळसा घालून आता निसटणार, असं वाटत असतानाच दुर्पता एका हाताने खांब धरायची, अख्खं अंग हवेत झोकून द्यायची आणि दुसऱ्या हाताने तिला बाद करायची. नागपूरच्या काही व्यापाऱ्यांनी मुलींची खो-खो लीग काढली, तेव्हा या एका उडीवर तिला संघात घेतलं. संघाचं नाव होतं वैनगंगा वाघिणी.

लीगवाल्यांनी हौसेनं क्रिकेटसारखी खेळाडूंची कार्डं काढली. पुढे फोटो, मागे गाव आणि किती गडी बाद केले ते. मैदानाबाहेर पाकिटं विकली जायची, पोरं आपसात कार्डांची अदलाबदल करायची. दुर्पताचा फोटो झकास आला होता. पाय जमिनीपासून सुटलेले, वेणी मागे ताठ. खाली नाव मात्र होतं, द्रौपदी उईके.

कार्ड घेऊन ती संघाचे व्यवस्थापक चंद्रकुमार यांच्यासमोर उभी राहिली.

"सर, हे माह्यं नाव नाई."

"अगं, दुर्पता म्हणजे द्रौपदीच. आम्ही शुद्ध करून घातलं."

"अशुद्ध काऊन होईल? माह्या बापानं ठेवलं हाय. यावर मी सही नाई करत."

आणि खरंच केली नाही. सामन्याआधी बाकीच्या मुली टेबलाशी बसून चाहत्यांना सह्या द्यायच्या, ही शेजारी हाताची घडी घालून बसायची. शेवटी वैतागून चंद्रकुमारांनी नाव दुरुस्त करून थोडी कार्डं पुन्हा छापून घेतली. ती आली शेवटच्या सामन्याला, आणि त्यानंतर पैसा लावणारे मागे हटले, लीगच बंद पडली. नवीन कार्डं पाकिटात गेलीच नाहीत. चंद्रकुमारांनी गठ्ठा तिच्या हातात ठेवला. "घे, तुझं नाव तूच सांभाळ."

दुर्पता गावी परतली. त्याच आश्रमशाळेत मुलींना खो-खो शिकवू लागली आणि तेंदूच्या हंगामात बापाबरोबर, झामसिंगबरोबर, पानं तोडायला जंगलात जाऊ लागली. मुली तिच्यासारख्याच तयार होत होत्या, पण जिल्ह्याचे सामने आता मॅटवर व्हायचे, आणि यांनी मॅट कधी पायाखाली घेतलीच नव्हती. गेल्या वर्षी तिची सगळ्यात चपळ खेळाडू दुर्गा खांबाजवळ पोहोचली, उडी घ्यायला झुकली आणि ऐनवेळी थबकली. सामना गेला.

"मॅडम, ते जमीन वळखीची नाई वाटली," दुर्गा रडत म्हणाली.

दुर्पताची धाकटी बहीण रीना गोंदियात मोबाईलच्या दुकानात कामाला होती. तिला इंटरनेटवर पुण्याची एक कंपनी सापडली. जुनी खेळाडू-कार्डं कंपनीकडे पाठवायची, ते फोटो काढतात, कार्डाची हालत तपासतात आणि ऑनलाइन लिलावात ठेवतात.

"माल आपला, दुकान त्यायचं," रीनाने समजावलं. "इकलं त त्यायचा हिस्सा कापून बाकी आपल्याले. दीदी, मॅटचं काम होऊन जाईल."

सह्यांसाठी मिळालेली, कोरीच राहिलेली द्रौपदी नावाची कार्डं दुर्पताने पाठवली. आपल्या नावाची पेटीत, जुन्या जर्सीखाली, तशीच ठेवली. ती विकायची नव्हती.

लिलाव संपला. एकही बोली लागली नाही.

त्या नावाशी आपलं काही देणंघेणं नाही, असं ती स्वतःला सांगत आली होती. पण फोटो तर तिचाच होता, उडी तिचीच होती, आणि एवढ्या मोठ्या देशात ती कोणालाच नको होती. त्या दिवशी मैदानावर ती कोणाशी धड बोलली नाही.

काही दिवसांनी कंपनीतून रुची नावाच्या मुलीचा फोन आला. कार्डं परत पाठवू की किंमत कमी करून पुन्हा लावू, असं ती विचारत होती.

"काई करा," दुर्पता म्हणाली. "ते त मी नाहीच. नाव चुकवलं होतं त्यायनं. बरोबर नावाची माह्याजवळ हायेत."

रुचीने लगेच विचारलं, "म्हणजे? हे कार्ड दोनदा छापलं होतं?"

"मीच छापायले लावलं ना."

"ताई, दोन्हींचे फोटो पाठवा. आत्ता पाठवा."

फोटो पाहून रुचीचा आवाजच बदलला. त्या लीगच्या कार्डांचे संच जमवणारे लोक होते, द्रौपदी उईकेचं कार्ड त्यांच्याकडे आधीच होतं, आणि सगळ्यांना वाटत होतं की तिचं तेवढं एकच कार्ड आहे. दुरुस्त केलेलं, बाजारात न आलेलं कार्ड कोणाकडेच नव्हतं.

दुर्पता पेटी उघडून बसली. एकदा कार्डं बाहेर काढली, पुन्हा आत ठेवली. दारातून झामसिंग बघत होता.

"कायले इचार करून राहिली?"

"बाबा, हे आपलं नाव हाय."

"नाव का कागदाबरोबर जाते? लोकायले बी समजू दे. पाठव."

तिने थोडी ठेवून घेतली. बाकीच्या कार्डांवर, आयुष्यात पहिल्यांदा, सही केली. तालुक्याच्या गावी, सालेकसाला जाऊन स्पीड पोस्ट केलं. रुचीने फोनवर विचारलं, "माहितीत 'द्रौपदी कार्डाची सुधारित आवृत्ती' असं लिहू?"

"नाई. दुर्पता उईके, दरेकसा, असं लिवा. आन् द्रौपदीवालं चुकीचं छापलं होतं, हे बी लिवा."

लिलाव रविवारी संध्याकाळी संपणार होता. गावात इंटरनेटची रेंज नीट धरते ती रेल्वे स्टेशनच्या फलाटावर, म्हणून रीना, झामसिंग आणि खो-खोच्या सगळ्या मुली तिथेच जमल्या. सकाळपर्यंत बोली बरी चालली होती. आता शेवटाला दोन माणसं भिडली. एकाने आकडा चढवला की दुसरा चढवायचा, आणि दर बोलीला वेळ थोडा वाढायचा. रीना आकडे ओरडून सांगत होती. तेवढ्यात लांबलचक मालगाडी धडधडत आली. रीनाचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. शेवटचा डबा गेला तेव्हा ती फोन छातीशी धरून उड्या मारत होती.

"इकलं! दीदी, इकलं!"

पोरींनी असा कल्ला केला की स्टेशन मास्तर बाहेर आले. झामसिंगला आकडा दोनदा वाचून दाखवावा लागला. मग तो बाकावर बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला, "माह्या पोरीचं नाव मीच ठेवलं. पुण्याले इकलं."

त्या पैशांत अख्ख्या मैदानाला पुरेल एवढी मॅट आली नाही. दोन्ही खांबांभोवती अंथरता येईल एवढी आली. तेवढीच हवी होती. दुर्पताने स्वतः आधी उडी मारून दाखवली. खूप वर्षांनी मारली, खांदा दुखला, पण हात बरोबर जागी पोहोचला. मग रोज शाळा सुटल्यावर एकेक पोरगी त्या निळ्या पट्टीवर अंग झोकून द्यायला शिकली. दुर्गाला सगळ्यात जास्त वेळ लागला.

जिल्ह्याचा अंतिम सामना गोंदियात झाला. शेवटच्या मिनिटाला विरुद्ध संघाची एकच पळणारी उरली होती, तिला बाद केलं की सामना यांचा, आणि ती खांबाकडेच धावत सुटली. मागे दुर्गा होती. तिने खांब धरला आणि या वेळी थबकली नाही.

शिट्टी वाजली तेव्हा दुर्गा मॅटवर उताणी पडून हसत होती. दुर्पता मैदानात कधी धावत गेली, तिचं तिलाच कळलं नाही. पंचांनी दोनदा बाहेर जायला सांगितलं. ती गेली नाही. दुर्गाला उचलून खांद्यावर घेतलं आणि सगळ्या मैदानाला फेरी मारूनच बाहेर आली.