जवळचे दिवस

आमच्या फिनिश क्लासमध्ये शब्द कमी साठतात, किस्से जास्त. क्लास म्हणजे रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या एका दुकानावरची खोली, लॅपटॉपवर मॅडम, आणि आम्ही तीन नर्स: मी, कोलाडचा नीलेश आणि पेणजवळच्या मिठागरातली सुगंधा. परीक्षा पास झालो की फिनलंडच्या हॉस्पिटलात नोकरी.

*

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी शब्द जोडायला शिकवले. 'लॅहि' म्हणजे जवळ, 'पॅइविनॅ' म्हणजे दिवसांत. चिकटवले की 'येत्या काही दिवसांत'.

नीलेश म्हणाला, "आमचा गवंडी रोज हेच बोलतो. घर काय होत नाय."

*

'उद्या'ला 'पलीकडे' जोडलं की 'परवा'. सुगंधाने विचारलं, "आणि पुढच्या उधाणाला काय म्हणतात?"

मॅडमकडे शब्द नव्हता. सुगंधाच्या घरी मात्र दिवस त्यावरच मोजतात. मोठ्या भरतीआधी मिठागराच्या बांधाला चिखल लावायचा. ती उचलून देणार, बाबा रचणार. घरात दोघंच.

*

सुगंधाने नवे शब्द अर्थासकट चिठ्ठ्यांवर लिहून घरभर डकवले. दारावर, हंड्यावर, आरशावर.

"बाबांनी विचारलं नाय?" नीलेश म्हणाला.

"हॉस्पिटलचा कोर्स हाय, सांगितलं."

मी चिडले. "खरं कधी सांगणार?"

"लॅहिपॅइविनॅ."

शिकलेल्या मुलीने परवानगीची वाट बघत बसावं, हे मला सहनच होत नाही. तसं मी तिला तोंडावर सांगितलं.

"परवानगीचं नाय गो," ती म्हणाली. "मी गेल्यावर चिखल कोण उचलून देईल, त्याचं हाय."

तरी मी भाषण दिलंच.

*

निकाल लागला. सुगंधा पास. ड्यूटीमुळे ती चार दिवस रोह्यातच राहिली होती. मी तिला स्कूटरवर बसवलं आणि थेट मिठागरावर नेलं. आज सांगायचंच.

उधाणाला अजून दहा दिवस होते. तरी बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत ताज्या चिखलाने लिंपलेला. बाबा बांधाच्या टोकाला बसून हात धूत होते. आसपास दुसरं कोणी नाही.

"एवढ्या लवकर?" सुगंधा म्हणाली. "आणि मला हाक नाय मारली?"

बाबा नखांतला चिखल काढत राहिले.

"दारावर तूच लिवलंयस ना गो, येत्या काही दिवसांत," ते म्हणाले. "म्हटलं, एकट्याला जमतंय का बघावं."