काकूचं व्यक्तिमत्त्व आणि दारातली गाय

आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, तोंडावर बोलायचं नाही. त्यानंही तिच्याशी नाही. मग घराचा कारभार चालायचा कसा? तर दारातल्या गाईमार्फत. काकू पदर ओढून गाईला सांगायची, "गाये, वाढलं म्हना." अन् माझे बाबा गाईलाच विचारायचे, "भाजी कायची हाय व?" बिचारी गाय रवंथ करत दोघांचंही ऐकून घ्यायची.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. बाबांनी सांगून टाकलं, एवढी परीक्षा दे अन् बस्स झालं, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला नाव घालायचं नाही. मी भांडले, रडले, जेवणावर रुसले. बाबा ढिम्म!

मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलला सब्जेक्ट, म्हणजे जिच्यावर चाचणी घ्यायची ती व्यक्ती, आपली आपण न्यावी लागते. आमच्या बाभुळगावात कापूसवेचणीच्या दिवसांत रिकामं माणूस सापडेल तर शपथ! शेवटी काकूलाच यवतमाळच्या एसटीत बसवलं. निष्कर्ष मी घरूनच लिहून नेला होता, 'अत्यंत अंतर्मुख, भिडस्त.' जन्मापासून पाहत होते की तिला!

गाव मागे पडलं अन् काकूचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला. सीटवरून ती कंडक्टरशी भांडली, शेजारणीला सुनेची खोदून खोदून चौकशी केली. मी वहीतला निष्कर्ष पुन्हा उघडून पाहिला.

चाचणीत मी वाचलं, "अनोळखी माणसांशी बोलताना तुम्हाला संकोच वाटतो का?"

"कायले वाटन व?" म्हणत ती बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक सरांकडे वळली. "तुमचं गाव कोनतं, सर? अन् इतके वाळले काहून? घरी जेवाले देत नाई का?"

धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. गुण मोजले तर काकू बहिर्मुखतेच्या पार टोकाला!

सरांनी माझा निष्कर्ष वाचला, काकूकडे पाहिलं. "व्यक्तिमत्त्व बरंचसं स्थिर असतं, असं पुस्तकात आहे. मग हे काय?"

"सर," माझ्या तोंडून निघूनच गेलं, "पुस्तकवाल्याले भासरा नसन."

सर डोळे पुसेपर्यंत हसले अन् मला पास केलं.

परतताना काकू म्हणाली, "इतकं चांगलं जमते तुले, मंग शिकनं बंद कायले करून राह्यले?"

"बाबाले विचार," मी चिडून म्हटलं. गाव आलं तसा काकूचा पदर पुन्हा डोक्यावर गेला.

संध्याकाळी बाबा अंगणात खाटेवर बिडी ओढत होते. काकू बाहेर आली. गाईकडे गेलीच नाही. सरळ बाबांसमोर उभी राहिली. पदर कपाळापर्यंत ओढलेला.

"पोरीले शिकू द्या," ती म्हणाली. "तिच्या वाट्याची वेचनी मी करीन."

बाबांच्या हातची बिडी खाली पडली. ते धडपडत उठले, गाईजवळ गेले, तिच्या पाठीवर हात ठेवला. मग खाकरून म्हणाले,

"गाये, सांग तिले. जाईन म्हना पोरगी कालेजात."