शकीला टीचरची गाडी का तापायची

"पाटीलभाऊ, इम्रान भंगारवाल्याशी बोलून आलाय. सोमवारी गाडी नेणार. तुम्ही एकदा बघून घ्या."

शकीला टीचर गॅरेजच्या दारात उभ्या होत्या. मागे त्यांची पांढरी छोटी कार टो करून आणलेली. सकाळी मानकोलीच्या जंक्शनवर, ट्रेलरच्या रांगेत, बॉनेटमधून भसाभस वाफ निघाली होती. टीचर एकट्याच होत्या. मुलगा इम्रान घाबरला तो त्यामुळेच.

माझं गॅरेज राहनाळला. त्याआधी मी कल्याणच्या एका सर्व्हिस सेंटरला होतो. ही गाडी पहिल्या फ्री सर्व्हिसिंगला आली तेव्हा जॉबकार्ड मीच लिहिलं होतं. सीटवरचं प्लास्टिक तसंच होतं. तेव्हा लोक सर्व्हिसिंगला अख्खं घर घेऊन यायचे. ऑइल बदलेपर्यंत वेटिंग रूममध्ये डबे उघडायचे. टीचरांबरोबर त्यांचे मिस्टर इब्राहिमभाई होते. भिवंडीत त्यांचा बारा लूमचा, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागांचा, छोटा कारखाना. "मला टेम्पो जमतो. कार टीचर चालवणार," असं ते सगळ्यांना सांगत होते.

दोन वर्षांत इब्राहिमभाई गेले. टीचर त्याच गाडीतून शाळेत जात राहिल्या, रिटायर झाल्या. एवढ्या वर्षांत एकदा क्लचप्लेट, अधूनमधून बॅटरी आणि टायर. बाकी काही नाही. त्या छोट्या गाड्या होत्याच तशा. कुठल्याही गावच्या मेकॅनिकला कळायच्या. पार्टसाठी कोणाला फोन करावा लागत नसे.

आता गाडीला पंधरा वर्षं होत आली होती. पंधरा वर्षांनी गाडी आरटीओला दाखवून नोंदणी पुन्हा करावी लागते. आम्ही त्याला पासिंग म्हणतो. तापणारी गाडी पासिंगला नेणार कशी? आधीही एकदोनदा तापली तेव्हा दुसऱ्या एका गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं, हेड गॅस्केट गेलं. म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील. ते बदलायचं तर इंजिन खोलावं लागतं.

टीचरांच्या मागून इम्रान म्हणाला, "अंकल, अम्मीला तुम्हीच समजवा. माझी गाडी आहे ना. कुठं जायचं ते सांग, मी सोडतो, म्हणतो मी."

मलाही ते पटलं. "टीचर, हिच्यात आता काय न्हाय राह्यलं. सोडा हिला."

टीचर म्हणाल्या, "त्याच्या गाडीत मला मागं बसवतात, पाटीलभाऊ. पोचायचं कधी, निघायचं कधी, सगळं तोच ठरवतो."

मी गाडी आत घेतली.

ऑइल बघितलं. स्वच्छ. गॅस्केट गेलं असतं तर पाणी मिसळून दुधाळ झालं असतं. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे नाहीत. म्हणजे गॅस्केट ठीक. थर्मोस्टॅट बदलला. फॅन नीट फिरत होता. एसी लावून गाडी तशीच चालू ठेवली, तर तापमानाचा काटा पुन्हा वर. मी वैतागलो.

दुसऱ्या दिवशी टीचर विचारायला आल्या. सहज बोलल्या, "मागच्या आठवड्यात गणेशपुरीला मैत्रिणीकडं गेले होते. जाताना-येताना काटा हललाच न्हाय. गावात शिरले की तापते."

मी हातातला पाना खाली ठेवला. मोकळ्या रस्त्यावर वारा जोरात आत घुसतो, म्हणून इंजिन थंड. ट्रॅफिकमध्ये फॅनला हवा ओढून घ्यावी लागते. फॅन तर ठीक. म्हणजे हवेची वाटच बंद होती.

गाडीच्या तोंडाशी एकामागे एक दोन जाळ्या असतात. पुढची एसीची, मागची रेडिएटरची. पुढची धुतलेली, लखलखीत. रेडिएटर बाहेर काढला, तर दोन्हींच्या मधे करड्या सुताचा थर, गोधडीसारखा जाड. दरवेळी सर्व्हिसिंगला पुढून पाणी मारून आम्हा मेकॅनिकांनीच तो आत ढकलला होता.

"टीचर, गाडी लावता कुठं?"

"कारखान्याच्या मागं. एग्झॉस्ट फॅन आहे तिथं. यांनीच जागा ठरवली होती, सावली असते म्हणून."

कारखाना आता भाड्यानं दिलाय. लूम चालूच आहेत. पंधरा वर्षं तो पंखा बारीक सूत गाडीच्या तोंडावर फेकत होता.

टीचरांनी त्या थराचा एक तुकडा हातात घेतला. "आतलं सूत यांच्या वेळचं असेल," म्हणाल्या. तुकडा पर्समध्ये ठेवला. मी जाळ्या साफ करत राहिलो.

शनिवारी अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून टीचरांनी गाडी चालवली. इम्रान बाजूला बसून काट्याकडं बघत होता. काटा अर्ध्यावरच राहिला. त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि भंगारवाल्याला "मत आना" म्हणून सांगितलं. पुढं पासिंगही झालं.

गाडी आता रस्त्याच्या बाजूला उन्हात उभी असते. आणि मी बॉनेट उघडण्याआधी मालकाला दोन प्रश्न विचारतो. गाडी कुठं तापते, आणि कुठं तापत नाही? पहिला प्रश्न मी तीस वर्षं विचारत होतो. दुसरा टीचरांमुळं सुचला.