बाबांचं मीठ आणि भांडी धुण्याचं मशीन

मंडळी, आज मी भांडी धुण्याचं मशीन स्वतः दुरुस्त केलं! सायबर कॅफेत बसलेय, टायपिंगच्या चुका माफ करा.

मामाने मस्कतहून पाठवलेलं हे मशीन चार दिवस पाणीच घेत नव्हतं. मेकॅनिक म्हणाला, "भंगारात द्या." इकडे भांडी घासून आईच्या हातांच्या भेगा पुन्हा रक्ताळल्या.

सकाळी प्लग काढला, काढलाय ना ते दोनदा पाहिलं आणि पाणी मऊ करायला मीठ घालतात तो कप्पा उघडला. बाबा त्यात आमच्याच मिठागरातलं मीठ घालायचे. तळाशी काळा गाळ, पाण्याची वाटच बुजलेली!

"बाबा, हा आपल्या मिठातला चिखल हाय."

"आपल्या मिठात खोट नाय!"

मी भीतभीत मूठभर मीठ पाण्यात विरघळवलं. ही पारख त्यांनीच मला शिकवली होती. खाली तोच गाळ बसला. बाबांनी तो बोटांत चोळून पाहिला.

कोमट पाण्याने कप्पा चारदा धुतला, प्लग लावून बटण दाबलं आणि पाणी खळखळत आत आलं! आई हसायलाच लागली.

बाबांनी चपला घातल्या.

"कुठं चाललात?"

"दुकानात. मीठ आनतो."

आमच्या घरात विकतचं मीठ आज पहिल्यांदा आलं. वडिलांना चूक दाखवताना तुमचीही जीभ अशीच जड होते का?