मावशींनी ओळखलेला शर्ट

चार मजली इमारतीच्या जिन्याखाली, टपालपेट्यांना खेटून, मावशींचं इस्त्रीचं टेबल होतं. बावीस वर्षं त्या तिथेच उभ्या. कोणाची कॉलर लवकर झिजते, कोण खिशात उघडं पेन ठेवतं, कोणाचं पोट सुटत चाललंय, सगळं त्यांना तोंडपाठ. वाच्यता मात्र कुठे करायच्या नाहीत.

त्या वर्षी गल्लीत दोन घरफोड्या झाल्या, त्याही भरदुपारी. इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक; त्यांना सगळे सर म्हणत. सरांनी कंबर कसली. फाटकावर कॅमेरा बसवला; त्यात दिवसभर झाडाची एक फांदी तेवढी डुलताना दिसे. मग सुरक्षेच्या सतरा कलमांची सूचना टाइप करून टपालपेट्यांवर चिकटवली. लोक पत्रं काढत नि तिच्याकडे पाठ करून वर जात.

"सर, एक सांगू का?" मावशी म्हणाल्या. "निम्म्या घरांच्या किल्ल्या कुंडीखाली असतात, उरलेल्या चपलांच्या कपाटात. मला ठाऊक आहे, मग चोराला कळायला कितीसा वेळ लागणार?"

"बाराव्या कलमात आहे ते, मावशी," सर म्हणाले आणि विषय तिथेच मिटला.

त्याच आठवड्यात मागच्या दोरीवरून दुसऱ्या मजल्यावरच्या प्रोफेसरांचे कपडे गायब झाले. "वाऱ्याने उडाले असतील," सगळ्यांनी ठरवून टाकलं. प्रोफेसरांना तर पत्ताही नव्हता. त्यांच्या बायकोने सांगितलं तेव्हा कळलं.

मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास एक तरतरीत माणूस आत आला. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी. "पाण्याचे मीटर तपासायचेत. वर कोण कोण आहे घरी?"

मावशींनी मान वर केली आणि इस्त्री जागच्या जागी थांबली. आकाशी शर्ट. वरून तिसरं बटण बाकीच्यांपेक्षा अंमळ मोठं. ते बटण त्यांच्याच हातून तुटलं होतं आणि जुळतं मिळेना म्हणून त्यांनीच शिवलं होतं.

ओरडावं तर हा पळणार, नाहीतर अंगावर येणार. मावशींनी इस्त्री उभी करून ठेवली, पदराने कपाळ पुसलं.

"मीटरच्या खोलीची किल्ली सरांकडे असते. बसा ना, बोलावते." त्यांनी फोन लावला. "सर, तुमच्या पँटला डाग पडलाय. नवव्या कलमातला."

नववं कलम होतं अनोळखी कर्मचाऱ्याची खात्री करून घेण्याचं. आपली सूचना कोणीतरी वाचली याचाच सरांना आधी धक्का बसला. मग डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी वरूनच पोलिसांना कळवलं, वाटेत प्रोफेसरांना सोबत घेतलं आणि मुद्दाम सावकाश जिना उतरले.

"कुठल्या कार्यालयातून आलात? साहेबांचं नाव काय? फोन लावून विचारतो," सर म्हणाले. माणूस चाचरला. तेवढ्यात प्रोफेसर कौतुकाने पुढे झाले. "शर्ट छान आहे हो! माझ्याकडे अगदी असाच होता."

त्या माणसाने पिशवी टाकून धूम ठोकली.

"मागे जाऊ नका कोणी!" मावशी ओरडल्या. तशी गरजही पडली नाही. फाटकाबाहेर वळणावरच पोलिसांची गाडी येत होती, तो अलगद तिच्या तावडीत सापडला. पिशवीत पहार निघाली आणि कुठली घरं दुपारी बंद असतात त्याची यादी.

सगळे वाहवा करत असताना मावशी मात्र पुन्हा टेबलाशी जाऊन इस्त्री करू लागल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातून उशीचा अभ्रा जळाला.

रविवारच्या बैठकीत सरांनी स्वतःची खुर्ची त्यांना दिली. "मावशी, तुम्ही सांगा. माझं कोणी वाचत नाही."

मावशी आधी लाजल्या, मग सुटल्या. "किल्ली शेजाऱ्याकडे द्या, कुंडीकडे नको. गावाला जाताना जिन्यात उभं राहून फोनवर मोठ्याने सांगू नका. मला तुमच्या परतीची तारीखसुद्धा कळते. आठ दिवस टपालपेटी भरू देऊ नका, शेजारच्यांना रिकामी करायला सांगा. माणूस कितीही गोड बोलो, आधी साखळी लावून बोला. आणि समोरच्या दारात कोण राहतं ते तरी माहीत असू द्या!"

शेवटच्या वाक्याला चौथ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याने माना खाली घातल्या. आठ महिने राहत होते. समोरच्या आजींशी शब्दही झाला नव्हता. बैठक संपल्यावर दोघं तडक आजींच्या दाराशी गेली, किल्ली घेऊन.

मावशी दुसऱ्या दिवशी कपडे पोचवायला वर गेल्या तेव्हा आजींनी दार बोटभरच उघडलं. साखळी लावलेलीच.

"कोण?"

"अहो, मी! इस्त्रीवाली!"

"ओळखपत्र?"

मावशींनी घडी केलेल्या चादरी फटीसमोर धरल्या. आजींनी चष्मा लावून कडा नीट तपासल्या आणि मगच साखळी काढली.

"चहा घेऊन जा," त्या म्हणाल्या. "समोरचीही दोघं आलीयेत."